भाऊसाहेब उभे राहिले

निवडणूक जिंकणं म्हणजे काय मोठं! लोकांच्या डोक्यात एक नाव पक्कं बसवायचं, की झालं काम! हे मत माझं. सदतीस सालच्या निवडणुकीआधी कर्जत स्टेशनाबाहेरच्या चहाच्या दुकानात मी ते रोज कुणाला ना कुणाला ऐकवत असे. ऐकणारा माझ्या चहावर असल्यामुळे मान हलवत असे, आणि मला वाटे, पटलं!

मी वकील भाऊसाहेब कर्णिक यांचा कारकून. मुंबईच्या कायदेमंडळासाठी निवडणूक लागली आणि चार मित्रांनी भरीला घातल्यामुळे भाऊसाहेब उमेदवार झाले. माणूस भरल्या अंगाचा, गोरापान आणि कमालीचा भिडस्त. उलटतपासणीतसुद्धा साक्षीदाराला आधी "दमला असाल" म्हणायचे! सगळं काही त्यांच्या बाजूनं होतं, फक्त गुडघे नव्हते. जिना चढताना ते असे कुरकुरायचे, की खाली बसलेल्या अशिलांना वाटे, माडीवरच्या झोपाळ्याला तेल घालायला हवं!

समोर होते साजगावचे धर्माजी पाटील. उंच, काटक, मिशा अशा की दोन्ही टोकांना एकेक कंदील अडकवावा!

"टिपणीस, खालापूरच्या बाजूला मला कोण ओळखतं हो?" भाऊसाहेबांनी काळजीनं विचारलं.

"ते माझ्यावर सोपवा!" मी म्हणालो. "आपण जाण्याआधी आपलं नाव पोचलेलं असेल."

आणि मी नामाला बोलावलं. नामा दवंडीवाला. त्याचा आवाज असा, की कर्जतला शिंकला तर नेरळला कुणीतरी "शतायुषी" म्हणावं! त्याला मी एकच वाक्य पाठ करून दिलं. जास्त वाक्यं दिली की तो ती आपसांत मिसळतो. नामा गेला. गावोगाव डफ वाजवून त्यानं ते वाक्य चोख सांगितलं:

"ऐका हो ऐका! कर्जतचे भाऊसाहेब वकील उभे हायेत हो! बुधवारी तुमच्या गावाला येनार हायेत हो!"

आता यात काही चूक आहे का, तुम्हीच सांगा! पण चिंचवलीच्या चंद्राबाईनं नामाला अडवलं. चंद्राबाई म्हणजे गावातली सगळ्यांत चौकस म्हातारी. चिंचवलीत मांजर व्यालं तरी पिल्लांची चौकशी आधी ती करणार.

"उभे हायेत? कवापासून रं?"

नामाला निवडणुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण माहीत नाही असं म्हणणं त्याच्या धंद्यात बसत नाही. "गनपतीपासून," तो म्हणाला. भाऊसाहेबांच्या उमेदवारीची बातमी त्यानं गणपतीत ऐकली होती.

"गनपतीपासून उभे! आन बसनार कवा?"

"निकाल लागला की बसतील."

चंद्राबाईनं दोन्ही हात जोडले. नामा पुढच्या गावी गेला.

बुधवारी आम्ही चिंचवलीला निघालो. शेवटच्या ओढ्यात बैलगाडी उतरेना, म्हणून भाऊसाहेब पायीच गावात शिरले. बघतो तर देवळापुढे ही गर्दी! भात झोडून झालं होतं, वालाच्या शेंगा भरत होत्या, लोकांना सवड होती. तरी इतकी माणसं? मी भाऊसाहेबांकडे असं पाहिलं, की जणू दिल्लीच जिंकून दिली!

सगळ्यांसाठी घोंगड्या अंथरल्या होत्या. मला तर चक्क पाट! भाऊसाहेबांसाठी मात्र काहीच नव्हतं. त्याऐवजी आंब्याच्या फांदीला दोन दोर बांधून, छातीच्या उंचीवर पेंढा भरलेलं एक पोतं लटकवलं होतं.

"हे काय?" भाऊसाहेबांनी हळूच विचारलं.

"भाषणाला टेकायची सोय असेल," मी म्हणालो. "खेड्यात टेबल कुठून आणणार!"

भाऊसाहेब पोत्यावर कोपरं टेकून बोलू लागले. कायदेमंडळ, शेतसारा, रस्ते, शाळा! लोकांची नजर मात्र त्यांच्या तोंडावर नव्हती, पायांवर होती. भाषण संपताच चंद्राबाई पुढे आली.

"वकीलसाहेब, पाय सुजत नायत का?"

भाऊसाहेब गहिवरले. आजवर कुणी मतदारानं त्यांच्या पायांची चौकशी केली नव्हती. "अहो, तुमच्या सेवेसाठी हे पाय झिजले तरी चालतील!"

"आन रातचं निजता कसं?"

"झोप कसली बाई! डोळ्यांपुढे सारखी तुमचीच कामं."

गर्दीतून "आरं द्येवा!" असा सूर निघाला.

"मंग वैनी काय म्हनतात?"

"ती? ती माझ्या पाठीशी उभी आहे!"

"आगं बया! वैनी पन उभ्या?"

एकदम गलका झाला. माणसं उठून भाऊसाहेबांच्या पाया पडू लागली. चंद्राबाई तर खाली वाकून त्यांची पोटरी दाबून बघू लागली. "मऊ हाय," तिनं गर्दीला कळवलं. "पन आतून दगड हाय!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला! पूर्वी पालीच्या बाजूला कुणी बुवा म्हणे नवस बोलून वर्षानुवर्षं उभा राहिला होता आणि दोराला टेकून झोपायचा. चिंचवलीकरांना भाऊसाहेब त्यांतलेच वाटले होते! मी भाऊसाहेबांच्या कानात सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. सरळ माणूस! त्यांनी लगेच हात वर केला.

"मंडळी, गैरसमज होतोय! मी तसा उभा नाही. मी निवडणुकीला उभा आहे!"

"व्हय की," एक म्हातारा समजूत घालत म्हणाला. "कुनी पोरासाठी उभं ऱ्हातं, कुनी पान्यासाठी. तुमी निवडनुकीसाठी."

"अहो, पण मी बसतो! रोज बसतो!"

"थोर मानूस," चंद्राबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाली. "तपाचा गवगवा नको म्हून खोटं बोलतोय!"

आता यावर काय करणार! त्यात डोंगरावरच्या वाडीतून पोशा ठाकर आणि त्याची बायको ठकी ही बातमी ऐकून मुद्दाम उतरली होती. पोशानं पानाच्या द्रोणात मध आणला होता. तो नुसता भाऊसाहेबांभोवती एक चक्कर मारून आला, झाड तोडण्याआधी बघावं तसा. ठकी म्हणाली, "माजी सासू गुडग्यांनी बसली हाय, उठत नाय. तुमी उभं कसं ऱ्हाता, तेवडं सांगा."

भाऊसाहेब काय सांगणार! त्यांचेच गुडघे तेव्हा अखेरचा श्वास घेत होते.

निघताना अर्धं गाव पोचवायला आलं. भाऊसाहेब आशेनं गाडीकडे बघत होते, पण एवढ्या माणसांसमोर गाडीत बसणार कसे? पुढचं गाव आलं, तिथली माणसं मिळाली. गर्दी वाढत गेली. भाऊसाहेब चालत होते, मी शेजारून चालत होतो, आणि मागून आमची रिकामी गाडी डुलत येत होती. तिचा गाडीवान सदू तेवढा आरामात बसला होता!

"टिपणीस," भाऊसाहेब दात आवळून म्हणाले, "मला बसायचंय. आत्ता. नाहीतर मी पडेन."

खोपोली जवळ आली होती. वीजघराकडे उतरणारे लोखंडी नळ घाटाच्या अंगावर दिसत होते. रस्त्याकडेला गवताची एक मोठी गंजी होती. मी गर्दीकडे वळून "ते बघा नळ! त्यातून विजेचं पाणी येतं!" असं ओरडलो. सगळे नळ बघू लागले. भाऊसाहेब गंजीमागे गेले आणि धपकन खाली बसले. त्या वेळी त्यांच्या तोंडून जो सुखाचा हुंकार निघाला, तो काय सांगू!

तो हुंकारच नडला. गंजीच्या पलीकडे सदू बैलांसाठी गवत उपसत होता. त्यानं वाकून पाहिलं आणि तो बोंबलत सुटला, "बसले! भाऊसाहेब बसले!"

चिंचवलीकर हळहळले. म्हणाले, मानूस हाय, दमला. पण ही आरोळी खोपोलीच्या लोकांनीही ऐकली. खोपोली पडली शहाणी! तिथं सगळ्यांना निवडणुकीची भाषा येत होती. उमेदवार बसला, म्हणजे त्यानं माघार घेतली!

आम्ही बाजारात पोचलो तर धर्माजी पाटलांची माणसं पेढे वाटत होती. एकानं मलाही दिला. मी भुकेला होतो, खाल्ला! तोवर बातमी आगगाडीत बसून आमच्या आधी कर्जतला पोचली. आमच्या प्रचाराला राबणाऱ्या मंडळींनी तिथल्या तिथे ताटं आवरली आणि घर गाठलं. वहिनीसाहेबांनी तर देवापुढे साखर ठेवली. म्हणे, आता तरी ओसरीवरच्या चपला कमी होतील!

मतदान चार दिवसांवर! माझं तर धाबं दणाणलं. आणि मग मी पुन्हा अक्कल चालवली. नामाला गाठलं आणि नवीन वाक्य दिलं: "भाऊसाहेब बसले नाहीत! उभेच आहेत! पटत नसेल तर उद्या खोपोलीच्या बाजारात येऊन बघा!"

"टिपणीस!" भाऊसाहेब किंचाळले. "म्हणजे उद्या मी..."

"फक्त बाजार उठेपर्यंत," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या चौकात भाऊसाहेब उभे राहिले. खालापूरची अर्धी माणसं बाजार सोडून त्यांनाच बघत होती. भाजीवाल्यांना वाटलं बुवा, शहाण्यांना वाटलं उमेदवार. दोघांचंही खरंच होतं! पोशा आणि ठकी तर पहाटेच निघून आली होती, सासूला झोळीत घालून.

एवढ्यात धर्माजी पाटील स्वतः आले. गर्दी कशाची, हे बघायला! भाऊसाहेबांची अवस्था पाहून त्यांना खरोखर कळवळा आला. समोरच्या दुकानातून त्यांनी खुर्ची मागवली.

"वकीलसाहेब, चेहरा किती उतरलाय! बसा बघू आधी."

"बसायचं नाय!" आमची माणसं गरजली. "बसवायला आला! बसवायला आला!"

"अरे, खुर्चीवर बसा म्हणतोय!" पाटील ओरडले. पण ऐकतो कोण! त्यांच्या माणसांनाही चेव आला. "आमचे पाटील काय कमी हायेत? तेबी उभे ऱ्हातील! बघू कोन आदी बसतो!"

झालं! पाटलांनाही त्यांच्याच माणसांनी भाऊसाहेबांसमोर उभं केलं. मधोमध ती रिकामी खुर्ची! दोन्ही उमेदवार तिच्याकडे असे बघत होते, की उपाशी माणूस पुरणपोळीकडेही तसा बघणार नाही.

ऊन चढलं. पाटलांच्या मिशा खाली आल्या. उभ्या उभ्याच दोघांत बोलणं सुरू झालं.

"तुमचेही गुडघे का?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"माझी कंबर," पाटील कण्हले. "वीस वर्षं झाली. तुम्ही काय लावता?"

"करंजाचं तेल. तुम्ही?"

"काय वाट्टेल ते! घरचे जे देतील ते!"

मग पाटील पुढे वाकून कुजबुजले, "वकीलसाहेब, एकदम बसू. म्हणजे कुणीच हरलं नाही. तुमचा कारकून तीनपर्यंत मोजेल."

भाऊसाहेबांना रडूच फुटायचं राहिलं. मी मोजलं. "एक, दोन, तीन!" दोघे वाकले. अर्ध्यावर आले. आणि थांबले! तशाच अर्धवट अवस्थेत दोघे एकमेकांकडे डोळे बारीक करून बघू लागले. दोघांचाही दुसऱ्यावर विश्वास नव्हता! चौकात चिडीचूप. कुठेतरी एक गुडघा कुरकुरला. आणि मग दोघंही एकाच वेळी, हातात हात धरून, धप्पकन धुळीत आले!

कोण आधी, यावर बाजार उठेपर्यंत भांडण चाललं. ते दोघे मात्र शेजारी शेजारी पाय पसरून, पोशाचा मध चाटत बसले होते. भाऊसाहेबांना मी निवडणूकभर इतकं खूष कधी पाहिलं नाही.

मतदान झालं. भाऊसाहेब पडले. धर्माजी पाटीलही पडले. एकाची मंडळी म्हणाली "आमचा माणूस बसला", दुसऱ्याची म्हणाली "आमचा बसला", आणि पुष्कळशी घरीच राहिली. ज्यांनी भाऊसाहेबांसाठी जीव टाकला असता, त्या चिंचवलीच्या निम्म्या लोकांना आणि डोंगरावरच्या अख्ख्या वाडीला मत द्यायचा हक्कच नव्हता; तेव्हा मत असायचं ते सारा भरणाऱ्यांना! एवढी अक्कल चालवली, पण हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

निकालानंतर पोशा आणि ठकी कर्जतला आली. भाऊसाहेब ओसरीवर आरामखुर्चीत पाय वर घेऊन पडले होते. दोघं दाराशीच थांबली.

"नवस फळला का?" पोशानं विचारलं.

"नाही रे बाबा," भाऊसाहेब हसून म्हणाले.

"मंग ते साजगावचे पाटील?"

"तेही नाहीत. अलिबागकडचे एक गृहस्थ तिसरे उमेदवार होते, ते आले. आम्ही तर त्यांना कधी पाहिलंही नाही. बिचारे आजारी होते. दिवाळीपासून अंथरुणातच, आडवे."

पोशानं ठकीकडे पाहिलं. ठकीनं पोशाकडे पाहिलं. दोघांच्या चेहऱ्यावर असा आदर पसरला, जो चिंचवलीत भाऊसाहेबांनाही लाभला नव्हता.

"दिवाळीपासून आडवं!" ठकी म्हणाली. "मंग त्येच निवडून येनार की वो! उभं काय, आमी बी रोज ऱ्हातो. आडवं ऱ्हायाला कुनाला जमतंय?"