बब्रुवानरावांचं साडेनऊचं जेवण

मुलांनो, आमच्या शेजारचे बब्रुवानराव दुपारचं जेवण सकाळी साडेनऊला करतात. दुकान उघडलं की अर्ध्या तासात डबा. कारण त्या वेळी मनिलात बारा वाजलेले असतात.

लोहाऱ्यात त्यांचं घोंगड्यांचं दुकान आहे. आता घोंगड्या परदेशातही जातात. तिकडच्या गिऱ्हाइकांना इंग्रजीत उत्तरं द्यायला पुतण्यानं नेटवरून मारिसेल नावाची मुलगी कामाला ठेवली. ती फिलिपिन्समध्ये, मनिलाला, घरी बसून काम करते. फायदा असा, की राव शटर वर करेपर्यंत तिचं निम्मं काम उरकलेलं असतं. अडचणीही आहेत. पोळ्याला यांनी सुट्टी दिली, तर तिनं विचारलं, बैलांच्या सणाला मी काय करू?

रावांचं पालुपद एकच. "माणूस डोळ्यासमोर पाहिजे." म्हणून त्यांनी तिला दिवसभर कॅमेरा चालू ठेवायला लावला. गादीसमोर स्टूल, स्टुलावर टॅब, टॅबमध्ये मारिसेल.

चार महिने तिनं सोसलं. मग तिचं पत्र आलं. ते इंग्रजीत होतं, म्हणून मीच वाचून दाखवलं. माझ्यावर विश्वास नसेल, तर महिनाअखेर काम सोडते, असं तिनं लिहिलं होतं.

"भरवसा न्हाय असं कोण म्हणलं?" राव गडबडले. "ती गेली तर माझं कसं व्हायचं, माई?"

"मग दिवसभर तिच्याकडं काय बघता?"

"म्या कुठं बघतो? मान वर करायला सवड न्हाय."

"मग कॅमेरा कशाला?"

त्यांनी हातातल्या घोंगडीची घडी घातली, मोडली, परत घातली.

"त्या स्टुलावर शांता बसायची. लई बोलायची न्हाय. पर समोर असायची."

रावांच्या बायकोला, शांताबाईंना, जाऊन दोन वर्षं झाली.

"हे लिहू का तिला?"

"नगं. पोरगी उगं कीव करंल. कॅमेरा बंद कर म्हणावं, काम सोडू नगं."

मी तसंच लिहिलं. शांताबाईंची एक ओळ मात्र माझ्या मनानं घातली.

मारिसेल राहिली. टॅब आता दिवसभर काळा असतो. साडेनऊला तेवढा उजळतो, आणि त्यात मारिसेल भाताची ताटली घेऊन बसलेली दिसते. राव डबा उघडतात. दोघं मुकाट्यानं जेवतात.

"बंद ठेव म्हणून सांगितलं, तरी चालू करती," परवा ते माझ्याकडं तक्रार करत होते. "आजकाल कामाची माणसं ऐकत न्हायत बघा."