महाराजांची जीप आणि चुकलेला रस्ता

एका जंगलात एक अस्वल राज्य करत होतं आणि त्याच्याकडे एक जीप होती. मुलांनो, जंगलात जीप कुठून आली, असं मध्येच विचारू नका. अस्वल राज्य करत होतं हे मुकाट्यानं ऐकून घेतलंत ना? मग जीपही ऐकून घ्या.

भल्लूकराव महाराज रोज जीपमधून प्रजेची पाहणी करायला निघत. ते पुढे, डाव्या सीटवर बसत. मागे बसलं तर प्रजेला चेहरा कसा दिसणार? महाराजांचं शरीर राजाला शोभेल असंच होतं. ते बसले की जीप डावीकडे कलायची. मग सगळे दरबारी आपापल्या माना डावीकडे कलत्या करून म्हणायचे, "वा, कशी सरळ उभी आहे!"

जीप चालवायचा गोमाजी वानर. स्वभावानं सज्जन, पण घाबरट. आपल्या लांबलचक शेपटीवर त्याचा फार जीव होता. तो तिला रोज तेल लावायचा.

एकदा पुढच्या चाकातून आवाज यायला लागला. खड्डा आला की 'कटाक्'. मग जीप डावीकडे ओढू लागली. गोमाजी दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडे धरून घामाघूम व्हायचा. तरी एक दिवस जीप महाराजांसकट करवंदीच्या जाळीत घुसलीच.

अंगातले काटे उपटत महाराज म्हणाले, "गोमाजी, पुन्हा असं झालं तर तुझी शेपटी छाटून टाकीन."

गोमाजीची गाळण उडाली. तो धावत घोरपडबाईंकडे गेला. बाईंचं गॅरेज होतं आणि तोंड भलतंच फटकळ होतं.

बाई आल्या. जॅक लावून चाक उचललं, वर-खाली धरून हलवलं. चाक म्हाताऱ्याच्या दातासारखं हललं. मग त्या जीपखाली सरपटत गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "डावा बॉल जॉइंट गेलाय! चाक ज्याच्यावर वळतं ना, ती वाटीतली गोळी! रबर फाटलंय, ग्रीस वाळलंय, गोळी झिजून सैल झालीय. नवा घाला, नाहीतर एक दिवस चाक एकीकडं आणि महाराज एकीकडं!"

"पण डावाच का गेला?" महाराजांनी विचारलं.

"वजन! एवढा बोजा रोज त्याच बाजूला बसवल्यावर दुसरं काय होणार?"

सगळे दरबारी मटकन खाली बसले. एक माशी उडत होती, तीही बसली.

प्रधान तरस खिंखिं करून हसले. "महाराज, बाईंचं मनावर घेऊ नका. जीप ठणठणीत आहे. ती डावीकडं जाते, कारण तिला ठाऊक आहे कुठं जायचं ते. चुकलाय तो रस्ता!"

महाराजांना हे एकदम पटलं. बाईंना हाकलून दिलं आणि रस्ता दुरुस्तीला घेतला.

दुरुस्ती अशी, की गोमाजीनं स्टिअरिंग सोडून द्यायचं, जीप जाईल तिकडे जाऊ द्यायची आणि मागून रानडुकरांनी रस्ता उकरत यायचं. गोमाजी खूश झाला. आता दोन्ही हातांनी शेंगा सोलून खात तो जीप चालवू लागला.

पण सारखा डावीकडे वळणारा रस्ता जाऊन जाऊन जाणार कुठे? राजवाड्यातून निघायचा आणि राजवाड्यातच यायचा. महाराजांना दिसायचे ते स्वतःचे आचारी. "आपली प्रजा फार गुटगुटीत आहे हो," ते समाधानानं म्हणायचे.

इकडे गोळी झिजतच होती. ओढ वाढली, तसा रानडुकरांनी रस्त्याचा गोल आणखी लहान केला. शेवटी महाराज अंगणातल्या चिंचेभोवतीच फिरू लागले. प्रधान चिंचेखाली उभे राहून दर फेरीला नव्यानं हात हलवायचे.

गोमाजीला मात्र घास उतरेना. आता खड्डा नसतानाही 'कटाक्' व्हायचं. चाक निखळलं, महाराज पडले, तर शेपटी कुणाची जाणार? प्रधानांची नक्कीच नाही.

एका दुपारी महाराज जेवून घोरत असताना त्यानं घोरपडबाईंना गुपचूप बोलावलं. बाईंनी जुना जॉइंट ठोकून काढला आणि नवा बसवला. उजवाही बदलला. "हे जोडीनंच बदलावेत," त्या म्हणाल्या. "आता बघ, सुतासारखी सरळ जाईल. तू फक्त स्टिअरिंग धर."

नेमकं तेच गोमाजी विसरला. सवय, दुसरं काय!

संध्याकाळी महाराज बसले. गोमाजीनं जीप सुरू केली आणि शेंगा सोलायला घेतल्या. रस्ता डावीकडे वळला. जीप वळली नाही. प्रधानांना उडवून, कुंपण तोडून, एकदाही 'कटाक्' न करता ती सरळ रानात गेली आणि म्हशींच्या डबक्यात जाऊन थांबली.

एका म्हाताऱ्या म्हशीनं चिखलातून डोकं वर काढलं. "कोण गं बाई हे?"

"आम्ही भल्लूकराव महाराज! या राज्याचे राजे!"

"असाल बाबा. पण आधी खाली उतरा. केवढं हे वजन! माझा पाय दबलाय चाकाखाली."

महाराजांच्या अंगावरचे केस ताठ उभे राहिले. ते सावकाश गोमाजीच्या शेपटीकडे बघू लागले.

आता गोमाजीनं खरं काय ते सांगून टाकलं असेल, असं वाटतंय ना तुम्हाला? तुम्ही गोष्टी फार ऐकता.

गोमाजी सीटवर उभा राहिला आणि छाती बडवत ओरडला, "महाराज, घात झाला! जीप बिघडली! त्या घोरपडबाईनं आपली अस्सल गोळी काढून दुसरीच घातली!"

"तरीच!" महाराज म्हणाले.

जुना जॉइंट उकिरड्यातून शोधून आणला. त्याला हळद-कुंकू वाहिलं. घोरपडबाईंकडूनच तो वाजतगाजत परत बसवून घेतला आणि मग त्यांना जंगलातून हद्दपार केलं. महाराज जीपमध्ये बसले. प्रधानांनी लंगडत येऊन हात हलवला. जीप जेमतेम हलली, 'कटाक्' झालं, डावं चाक घरंगळत निघून गेलं आणि जीप राजवाड्याच्या पायरीपाशीच तोंडघशी पडली.

महाराजांनी इकडेतिकडे पाहिलं. "पोचलो?"

गोमाजीनं शेपटी हळूच मांडीखाली ओढून घेतली. "पोचलो, महाराज. आज तर फारच लवकर."

"बघ!" महाराज खूश होऊन म्हणाले. "म्हणून अस्सल गोळीच हवी."

तात्पर्य : झिजलेला भाग वेळीच बदलावा, हे अगदी खरं आहे. ज्यांना शेपटी नसेल, त्यांनी जरूर बदलावा.