बापाच्या नावाचं स्पेलिंग

पासवर्ड बदलायचं मी ठरवलं, ही माझी चूक. पण चूक माझी असली तरी दोष माझा नाही. दोष आमच्या घरातल्या मोठ्या माणसांचा आहे, आणि तो कसा, ते आता सविस्तर सांगतो. (घरात माझं पूर्ण वाक्य कोणी ऐकून घेत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.)

मी रुद्रेश. मुक्काम पाटोदा, जिल्हा बीड, वय वीस. बारावीला इंग्रजीत अडकलो आणि शिक्षण सोडलं. शिक्षणानं मला सोडलं, असं आमचे अप्पा म्हणतात. अप्पांचं दोरखंड-घुंगरांचं दुकान आहे. कासरे, वेसणी, बैलांच्या घुंगरमाळा. दिवसभर जनावरं बांधायचा माल विकून विकून माणसाला वाटायला लागतं की पोरगंही बांधूनच ठेवायची वस्तू आहे.

मला कबुतरांचा नाद. गच्चीवर लाकडी खोक्यांची ढाबळ केलीय, तिच्यात अकरा कबुतरं. ह्या अकरा जिवांबद्दल आमच्या घरात गेल्या दोन वर्षांत एकही चांगला शब्द कोणी काढलेला नाही. आईच्या कुरडयांवर शिटतात, अप्पांच्या मते अवलक्षणी आहेत, आणि शेजारचे विठ्ठलराव गुरुजी (रिटायर हेडमास्तर, पण गल्लीतून अजून रिटायर झालेले नाहीत) म्हणतात, "कबुतरं नबाबानं पाळावीत. तू कुठला नबाब रे?"

ह्या अपमानावर मला औषध सापडलं २००५ साली. बंकटनं बसस्टँडमागं इंटरनेट कॅफे टाकला. दोन कॉम्प्युटर, त्यातला एक चालू. तिथं मला कबुतरं पाळणाऱ्यांची वेबसाइट सापडली. त्यात चर्चेचं पान होतं, फोरम म्हणतात त्याला. लखनौ, भोपाळ, हैदराबाद, कुठकुठले लोक. पिल्लाच्या पंखाला बुरशी आली तर काय करावं, असं कोणी विचारलं आणि मी हिंदीत, इंग्रजी अक्षरांत उत्तर टाकलं. दुसऱ्या दिवशी खाली लिहिलेलं होतं, 'रुद्रेशभाई, आप उस्ताद हो.' मी ते तीन वेळा वाचलं. पाटोद्यात मला कोणी साधं 'अहो' म्हणत नाही.

तर एका गुरुवारी साइटवर सूचना आली की सगळ्यांनी पासवर्ड बदलून घ्या, चोऱ्या होतायत. माझा पासवर्ड होता 'कबूतर'. दीडशे सभासदांतल्या निदान शंभरांचा तोच असणार. मी विचार केला, असा पासवर्ड पाहिजे की जो माझा असेल असं कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. आणि मी इंग्रजी अक्षरांत टाकलं बापाचं नाव. वैजिनाथ. दोन वर्षांत मी ते नाव घेतलं नव्हतं, त्यामुळे त्याच्याइतकं सुरक्षित दुसरं काहीच नव्हतं. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी घरी गेलो.

पुढच्या बुधवारी कॅफेत येऊन साइट उघडली, तर फोरमवर हैदराबादच्या मोईनसाहेबांनी सगळ्यांना दिसेल असं लिहिलेलं. म्हातारा मोठा माणूस. त्यांच्याकडच्या उंच उडणाऱ्या गिरेबाज कबुतरांची जोडी मिळावी म्हणून लोक वर्षानुवर्षं मागं लागतात. 'एक जोडी बीडवाले रुद्रेशला फुकट द्यायची ठरवलीय. त्याला खाजगी निरोप पाठवलाय. शनिवारी दुपारी बारापर्यंत त्याचं उत्तर आलं नाही, तर जोडी भोपाळला जाईल.'

मी घाईघाईनं बापाचं नाव टाकलं.

चूक.

परत टाकलं, मधे एक अक्षर घालून. चूक. एक अक्षर काढून. चूक. तीनदा चुकलं की खातं चोवीस तास बंद. साइटला काय जातंय सांगायला, तिचा बाप वैजिनाथ नाही.

"पासवर्ड विसरलात का, असं खाली लिहिलंय बघ. त्याव दाब," बंकट म्हणाला.

"ते ईमेलवर पाठवतेत. ईमेल तू तुझा टाकलाय."

"मग?"

"मग उघड की तुझा ईमेल."

बंकट खाली बघत म्हणाला, "त्याचा पासवर्ड मी विसरलोय बे."

(इंटरनेट कॅफेचा मालक. पाटी लावलीय, 'येथे सर्व प्रकारची इंटरनेट कामे करून मिळतील.')

नवीन खातं काढावं, तर नव्या माणसाचं पोस्ट आठ दिवस तपासणीत पडतं. मोईनसाहेबांचा फोन नंबर माझ्याकडं नाही, आणि निरोप कुलपात. राहिला एकच रस्ता. बापाच्या नावाचं खरं स्पेलिंग शोधायचं. मला वाटलं, ह्यात काय अवघड आहे. माणूस पन्नास वर्षं एक नाव वापरतोय, त्याला माहीत असणारच.

घरी आईला विचारलं, "रेशन कार्डावर अप्पांचं नाव इंग्रजीत कसं लिवलंय गं?"

"मला काय ठावं?"

"नाव सांगताना तू काय सांगतीस तिथं?"

"मी कशाला ह्यांचं नाव घेऊ? दुकानाच्या पाटीव बघा म्हणते."

पंचवीस वर्षांच्या संसारात ह्या बाईनं नवऱ्याचं नाव फक्त लग्नात, तेही उखाण्यात घेतलंय, आणि तिला त्याचा अभिमान आहे. मी पाटी बघायला गेलो. पेंटरनं इंग्रजीत लिहिलेलं, 'वैजनाथ रोप अँड बेल'. नावातला मधला आय गायब आणि बेलमधला एक एल गायब, त्यामुळे घंटा विकतात का महादेवाला वाहायचा बेल, तेच कळेना. आणि हे स्पेलिंग मी कॅफेत टाकून चुकलेलो होतो.

शेवटी नाइलाजानं मी अप्पांनाच विचारलं. ते गल्ल्यामागं बसून घुंगरू ओवत होते.

"अप्पा, तुमच्या नावात आय एक का दोन?"

घुंगरू हातातून पडलं. "काय म्हनलास?"

"आय. एक हाय का दोन हायती?"

"माझी आय एकच होती. बापानं दुसरं लगीन केलंच न्हाई. कोन बोललं तुला?"

"तसं न्हाई. नावात. वैच्या पुढं एक आय आन जच्या पुढं एक."

"मेलेल्या मानसाला कावून मधी ओढतूस बे? गावात कोन काय बोलायलंय त्याचं नाव सांग आदी."

अक्षराबद्दल बोलतोय हे समजवायला मला दहा मिनिटं लागली. समजल्यावर ते माझ्याकडं बघतच राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "इंग्रजीत बापाचं नाव. म्हंजी बारावीचा फारम भरायलास?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं, हे मी कोणाचीही शपथ घेऊन सांगतो. पण ह्या माणसानं मला कधी वाक्य पुरं करू दिलंय? ते ओरडत घरात गेले, "शिवकांता, पोरगं फारम भरायलंय." (नवऱ्याला बायकोचं नाव घ्यायला काही आडकाठी नाही, हेही लक्षात घ्या.) अर्ध्या तासात पेढे आले. गुरुजींना पेढा गेला. तुम्ही म्हणाल, तेव्हाच खरं सांगायचं. सांगणार कोणाला? आईचे डोळे भरलेले, आणि गुरुजींच्या तोंडात पेढा.

शुक्रवारी सकाळी सातलाच, घरातले कागद पसरून, पंचायत बसली. रेशन कार्डावर वैजेनाथ. लाइटबिलावर बैजनाथ. मतदान कार्डावर वैजंता, आणि पुढं लिंग, स्त्री.

"हे कसं चाललं तुम्हाला?" मी विचारलं.

"मत टाकू देतेत की," अप्पा म्हणाले.

बघा. माणसाला सरकारनं बाई केलं, तरी त्याची तक्रार नाही. आणि माझे केस कानावर आले की मात्र ह्यांच्या घराण्याची अब्रू जाते.

गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "मूळ शब्द वैद्यनाथ. शुद्ध तेच लिहायचं. डब्ल्यूनं सुरू करायचं का व्हीनं, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे."

"गुरुजी, खरं कुठलं?"

"खरं असं काही नसतं. शुद्ध असतं."

चाळीस वर्षं ह्या माणसानं पोरं शिकवली. तालुक्याचं असं का झालं, ते मला त्या दिवशी कळलं. मी वैजेनाथ, बैजनाथ आणि गुरुजींचं शुद्ध, अशी तिन्ही स्पेलिंगं घेऊन कॅफेत पळालो. तिन्ही चुकली. दहाच्या आतच खातं परत बंद झालं, ते शनिवारी दहापर्यंत.

शनिवारी अकराला मी निघालो, तर अप्पा टोपी घालून, हातात पिशवी घेऊन दारात उभे. "फारमाव बापाची सही लागती. चल." नाही म्हणायला माझ्याकडं वेळ नव्हता. बाराला जोडी भोपाळला जाणार होती, आणि बाराला लोडशेडिंगमुळे पाटोद्याची लाइटही जाणार होती.

कॅफेत मी खुर्चीत, अप्पा मागं उभे. पडद्यावर कबुतर उडत आलं.

"फारमाव कबुतर कशाला?"

"तशी जाहिरात असती, काका," बंकट म्हणाला. (ह्या एका वाक्यासाठी मी त्याला ईमेलचं माफ केलं.)

पहिला प्रयत्न, चूक. दुसरा, चूक. पावणेबारा झालेले. आता माझं डोकं फिरलं. मी मागं वळून बोललो, आणि चांगलं सुनावलं. "अप्पा, पन्नास वर्षांत तुमाला स्वतःचं नाव एकासारखं एक लिवता आलं न्हाई. तीन कागद, एक पाटी, चार नावं. आन तुमी मला म्हनता बारावी नापास."

अप्पांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या कव्हरातला एक कागद काढला आणि कीबोर्डवर ठेवला. माझी बारावीची मार्कशीट. "ह्याव पाचवं हाय. ते बी बघ."

इंग्रजीत माझ्या नावापुढं वडिलांचं नाव: वजनाथ. नावात आय कुठंच नाही. ना एक, ना दोन.

"हे कोनी लिवलं?" मी विचारलं.

"बोर्डाचा फारम तूच भरलतास. मी म्हनलो, लिवलं असंल पोरानं काहीतरी इचार करून. बापाचं वजन बघून."

बंकट हसला. मी न हसता 'वजनाथ' टाकलं. साइट उघडली.

म्हणजे जगातल्या कुठल्याही कचेरीला न जमलेलं स्पेलिंग माझ्या बोटांना पाठ होतं. ह्यावर मला काही बोलायचं नाही. मी निरोप उघडला. 'बेटा रुद्रेश, जोड़ी तैयार है. लेकिन मैं बच्चों के हाथ में परिंदे नहीं देता, दो महीने में दिल भर जाता. घर के बड़े की मंजूरी होना. अपने वालिद से लिखवाओ.'

अप्पांनी ते सावकाश वाचलं. हिंदी, तीही इंग्रजी अक्षरांत, पण दुकानात हैदराबादच्या मालाबरोबर अशाच चिठ्ठ्या येतात, त्यांना कळलं.

"म्हंजी फारम न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई."

"पेढे वाटलेत मी."

घड्याळात बाराला सात मिनिटं कमी होती. मला वाटलं, आता इथंच, बंकटसमोर कानाखाली बसणार, आणि जोडी भोपाळला. अप्पांनी टोपी काढली, घाम पुसला आणि म्हणाले, "ऊठ."

मी उठलो. ते बसले. "बंकट, लिव. जोडी देऊन टाका. पोरगं कबुतराचं मन लावून करतंय. दुसऱ्या कशाचंच करत न्हाई. खाली माझं नाव घाल."

"स्पेलिंग कसं घालू, काका?"

"पोरानं लिवलंय तसंच."

उत्तर गेलं. लगेच साइटनं सांगितलं की वारंवार चुकीचे प्रयत्न झालेत, तेव्हा पासवर्ड पुन्हा बदला. मी हात पुढं केला. अप्पांनी तो बाजूला सारला. एका हातानं कीबोर्ड झाकून, दुसऱ्या हाताच्या एका बोटानं, अक्षरं शोधत शोधत त्यांनी काहीतरी टाकलं. दोनदा. तेवढ्यात लाइट गेली.

"काय टाकलं?"

"पास झाल्याव कळतो, त्याला पासवर्ड म्हनतेत."

जोडी आली. पांढरी, डोळे डाळिंबी. अप्पा रोज दुकान उघडायच्या आधी गच्चीवर जातात आणि तिच्याशी बोलतात. तिची नावंही त्यांनीच ठेवलीत. फोरमवर मोईनसाहेब आता माझ्या खात्यावर 'वजनाथभाई' म्हणून लिहितात आणि अप्पा गुरुवारी जाऊन त्यांना उत्तर देऊन येतात. मला उस्ताद म्हणणारे लोक त्यांना विचारतात, 'वो लड़का किधर गया?'

मी काय हातावर हात ठेवून बसलेलो नाही. परवा अप्पा बाजाराला गेल्यावर मी कॅफेत जाऊन बसलो. बापाच्या मनात काय असेल ते पोराला कळतंच. मी माझं नाव टाकलं. चूक. स्पेलिंग बदलून टाकलं, चूक. हातात शेवटचा प्रयत्न राहिला.

"त्या दोन कबुतरांची नावं टाकून बघ," बंकट म्हणाला.

मी टाकली नाहीत. माझ्या नावानं न उघडलेलं त्यांच्या नावांनी उघडलं असतं तर?