भूसुरुंग कोणाचे, याविषयीचे स्पष्टीकरण

भूसुरुंगांवर बंदी घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारावर देशाने सही केली, त्याला चौदा वर्षं झाली होती. सही झाली, फोटो निघाला, मंत्र्यांनी पेन खिशात घातलं आणि करार देशाच्या कायद्यात उतरवायचं तेवढं राहून गेलं. यात हयगय कोणाचीच नव्हती. फाइल सात वर्षं संरक्षण खात्यात अभिप्रायासाठी होती आणि पुढची सात वर्षं तो अभिप्राय कोणाच्या अक्षरात आहे हे ठरेपर्यंत विधी खात्यात होती.

मग कराराच्या मुख्यालयातून पाचवं स्मरणपत्र आलं. आधीच्या चारांइतकंच ते नम्र होतं, पण या खेपेला त्यात एका परिषदेचं आमंत्रण होतं आणि परिषदेत मंत्र्यांचं भाषण होतं. भाषणात सांगायचं काय, असं मंत्र्यांनी सचिवांना विचारलं. कायदा केल्याचं सांगा, असं सचिव म्हणाले. कुठला, असं मंत्र्यांनी विचारलं. म्हणून त्याच दुपारी ती फाइल, अडीच महिन्यांच्या मुदतीसह, परंतुबाईंच्या टेबलावर येऊन पडली.

परंतुबाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं. तोंडात कोणाच्याच नव्हतं. एकोणीस वर्षं त्या कायद्यांचे मसुदे लिहीत होत्या आणि प्रत्येक कलमाखाली 'परंतु'ने सुरू होणारी एक ओळ जोडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. नवऱ्याने चहा टाकू का विचारलं, तरी उत्तराला परंतु असे.

हे काम आलं तेव्हा मात्र बाई मनापासून हरखल्या. त्यांचे धाकटे मामा सरहद्दीजवळच्या गावात राहत. मामांचा डावा पाय गुडघ्याखाली लाकडाचा होता. तिशीत असताना स्वतःच्याच शेतात एक पाऊल भलतीकडे पडलं, त्याची ती खूण. तेव्हापासून त्या शेताला नांगर लागला नव्हता. रानफुलं कमरेएवढी माजली होती. मामांनी कुंपणाबाहेर मधमाश्यांच्या पेट्या मांडल्या आणि मधावर संसार केला. मज्जाव पायांना होता, पंखांना नव्हता. माती धुपून आणखी तीन सुरुंगांच्या टोप्या उघड्या पडल्या होत्या, त्या रस्त्यावरूनही दिसत. हे कोणाचे आहेत आणि कोण नेणार, असे अर्ज मामांनी इतके केले होते की पोस्टमन त्यांना विचारून रजा घेई.

बाईंनी मामांना फोन करून सांगितलं, की आता कायदाच होतोय आणि तो मी लिहितेय. मामांनी बातमी आधी मामींना ओरडून सांगितली. मग म्हणाले, की जेवूनखाऊन, सावकाश लिही.

बैठकीला लष्करातर्फे एक कर्नल आले आणि महसूल खात्याचा एक अधिकारी, नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन. भूसुरुंग बनवणं, विकणं, देणं-घेणं, वाहून नेणं, बाळगणं, वापरणं, या सगळ्यावर पहिल्या अर्ध्या तासात बंदी आली. सुरुंग शोधण्याच्या सरावासाठी दोन हजार नग लष्कराला ठेवता येतील, हेही ठरलं. साठ्यात एकही नाही म्हणता, मग दोन हजार ठेवणार कुठून, असं बाईंनी विचारलं, तेव्हा कर्नल म्हणाले, की कायदा लागू व्हायच्या आत करून घेऊ.

घोडं अडलं ते जमिनीत आधीच पुरलेल्या सुरुंगांपाशी. ज्याच्या ताब्यात असतील त्याने ते काढावेत, असं करार सांगत होता. कर्नलांचं म्हणणं, साठा म्हणजे गोदामातला. मातीतल्या वस्तूला साठा म्हणत नाहीत. बरं, त्यांचा वापर म्हणाल, तर तो होऊन गेला. कायदा मागच्या गोष्टींना लागू होत नाही ना, असं त्यांनी बाईंना विचारलं. होत नाही, असं बाईंना सांगावंच लागलं. महसूलवाल्याने गुंडाळ्या सोडून दाखवल्या: जमिनी सगळ्या खासगी, सरकारची त्यात वीतभर नाही.

"मग हे आहेत तरी कोणाचे?" सचिवांनी विचारलं, आणि सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं.

मसुद्यात भोक दिसलं की बाईंची तहानभूक हरपत असे. चारच्या चहाच्या आत त्यांनी ते बुजवलं: 'स्पष्टीकरण — भूसुरुंग ज्या जमिनीत असेल, त्या जमिनीच्या धारकाच्या ताब्यात तो आहे, असे मानण्यात येईल.' कर्नलांनी उठून हस्तांदोलन केलं. बाईंना वाटलं, जरा कडकच झालं, म्हणून त्यांनी दयाळूपणे खाली जोडलं: 'परंतु, धारकाने सात दिवसांच्या आत असा भूसुरुंग स्वखुशीने नजीकच्या पोलीस ठाण्यात आणून जमा केल्यास, तो बाळगल्याबद्दल धारक शिक्षेस पात्र ठरणार नाही.' मामा तेव्हा त्यांच्या डोक्यातही आले नाहीत. मामा हे मामा होते आणि धारक हा धारक होता. कागदावरच्या धारकाला चेहरा नसतो, आणि पाय तर नसतोच.

विधेयक अकरा मिनिटांत मंजूर झालं. ज्यांना विषय कळला त्यांनी बाकं वाजवली, ज्यांना कळला नाही त्यांनी जास्त जोरात वाजवली. मामांनी बातमी दोनदा वाचली, ठेवणीतला कागद काढला आणि नव्या कायद्याचा उल्लेख करून, नकाशासह, आपल्या शेतात तीन भूसुरुंग असल्याचं पोलीस ठाण्याला कळवलं. नवीन कायद्याखालचा तो देशातला पहिला अर्ज होता. ठाण्यात त्याची नोंद कबुलीजबाब म्हणून झाली.

इन्स्पेक्टर सज्जन होता. त्याने रस्त्यावरूनच दुर्बिणीने पंचनामा केला, मधाची चव घेतली आणि जाता जाता पायाची चौकशी केली. आरोपपत्रात तीन नग बाळगल्याचा आरोप आला, आणि चौथा वापरल्याचा.

बाई पहिल्या बसने गावी गेल्या. मामा ओसरीवर पेट्यांच्या चौकटी धूत बसले होते. रागावलेले दिसत नव्हते. तेच बाईंना जड गेलं. मामींनी पाणी दिलं आणि भाचीकडे न बघता आत गेल्या.

"तुझं ते परंतु वाचलं," मामा म्हणाले. "म्हणजे मी उकरून नेऊ ठाण्यात?"

"नको. नेलेत तर वाहतूक होईल. कलम चार."

"मग राहू देतो."

"ते बाळगणं. कलम पाच."

"जमीनच सरकारला देऊन टाकली तर?"

सरकार घेणार नाही, असं बाईंनी खाली बघत सांगितलं. घेतली तर सुरुंग सरकारच्या ताब्यात जातील आणि कराराचा भंग होईल. विकताही येणार नव्हती. ते कलम तीनमध्ये बसत होतं. मामांनी चौकट उन्हात उभी केली आणि विचारलं, की अर्ज केलाच नसता तर? बाईंनी कायदा मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. अर्ज केला नसता, तर काहीच झालं नसतं.

खटला एका सकाळीच उरकला. न्यायाधीशांनी गुन्हा कबूल आहे का विचारलं, तेव्हा मामा काठीच्या आधाराने उभे राहिले. "साहेब, हे कोणाचे, हे मी तीस वर्षं विचारत होतो. आज माझे ठरले. तर तसा दाखला मिळावा," ते म्हणाले. न्यायाधीशांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. चौथ्या सुरुंगाचा वापर कायद्याआधीचा म्हणून तो आरोप त्यांनी रद्द केला. उरलेल्या तिन्हींबद्दल सहा महिने सुनावले आणि वय पाहून शिक्षा स्थगित ठेवली. मात्र सुरुंग आता खटल्याचा मुद्देमाल झाले होते, तेव्हा ते जागचे हलवण्यास सर्वांना मनाई झाली. राखणदार म्हणून मामांची नेमणूक झाली. दर महिन्याला पाहणी करून तिन्ही नग जागेवर असल्याचं त्यांनी लेखी कळवायचं होतं.

तिकडे परिषदेत मंत्र्यांनी सांगितलं, की कायदा होऊन महिना झाला नाही तोच एक धारक आणि तीन सुरुंग हाती लागले. सभागृह उभं राहिलं.

पहिल्या महिन्याच्या एक तारखेला मामा जोडा चढवून कुंपणापाशी उभे होते. कोर्टाचा हुकूम म्हणजे हुकूम, असा त्यांचा स्वभाव. मामींनी त्यांचा सदरा मागून घट्ट धरला होता. राजधानीहून आलेल्या बाई रिक्षातून उतरल्या त्या धावतच. त्यांनी मामांना हाताला धरून रस्त्यावर आणलं, रिक्षाच्या सीटवर कागद ठेवला आणि एका दमात दाखला लिहिला: पाहणी केली, नग जागेवर आहेत.

"आत न जाता?" मामांनी विचारलं. "खोटं लिहू?"

"पाहणी म्हणजे काय, हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही," बाई म्हणाल्या. "राहून गेलं माझ्याकडून." एकोणीस वर्षांत काही राहून गेल्याचा त्यांना आनंद झाला तो एवढाच. मामांनी सही केली. मामींनी सदरा सोडला आणि भाचीला जेवून जा म्हणाल्या.

जेवताना मामांनी विचारलं, की एवढा कायदा होईपर्यंत तो कोणी वाचला कसा नाही. बाईंनी सांगितलं, की मसुदा सगळ्या वर्तमानपत्रांत छापला होता. हरकती आणि सूचना मागवल्या होत्या, तीस दिवस दिले होते. एक पत्र आलं. छपाई बारीक आहे, अशी त्यात तक्रार होती.

तो अंक त्या सकाळी तुमच्याही घरी आला होता. मसुदा नवव्या पानावर होता, आणि शब्दकोडं दहाव्या. कोडं तुम्ही पूर्ण सोडवलं होतं.