रिबकाबाईंचा शनिवार

एक कापसाची दाढी.

चार किलो पोहे, सीलबंद.

सकाळची उमरगा बस.

पारशी धर्माचा माणूस, असल्यास.

वरील बाबींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो शिक्षण खात्याच्या परिपत्रकाने जोडला.

कर्नाटकातल्या बसवकल्याणची नवगावकर शाळा ही ज्यू शाळा आहे. अलिबागकडून आलेल्या एका ज्यू डॉक्टरांनी ती निजामाच्या काळात काढली. आज तिच्यात चारशे मुलं आहेत: लिंगायत, मुसलमान, मराठा, ख्रिस्ती, ज्याला जवळ पडली तो. ज्यू एकच, डॉक्टरांची नात आणि मुख्याध्यापिका रिबकाबाई. शाळा रविवारी भरते आणि शनिवारी बंद असते. शनिवार हा ज्यूंचा शब्बाथ. त्या दिवशी रिबकाबाई काम करत नाहीत, चूलही पेटवत नाहीत. मुलांना यात कधी धर्म दिसला नव्हता. सुट्टी दिसली होती.

परिपत्रक ‘सर्वधर्म सलोखा मूल्यमापना’चं होतं. कलम चार: धार्मिक कारणासाठी वेगळी सुट्टी हवी असल्यास संबंधित धर्म राज्याच्या अल्पसंख्याक यादीत असावा.

क्लार्क गुरुबसव कॉम्प्युटरसमोर बसला.

“बाई, तुमचा धर्म न्हाई की ओ यात.”

“नीट बघ.”

“सहाच हायती. पारशी टाकू का?”

“पारशी कामून?”

“यादीत शेवटी हाय. तितवर कोन बी बघत न्हाई.”

“टाकू नको.”

“कोकणात तुमच्या लोकांला शनवार तेली म्हनत्यात म्हनं. तेल्यात घालू? ओबीसीत बसतंय.”

“गुरुबसव!”

“चिडू नका बाई. आमी लिंगायत. आमच्या येगळ्या धर्माचा रकाना बी अजून यायलाय. वाट बघायलाव.”

शोधाअंती निघालं की महाराष्ट्राच्या यादीत ज्यू आहेत. म्हणजे सकाळची उमरगा बस धरली, की रिबकाबाई तासाभरात अल्पसंख्याक होत होत्या. परतीच्या बसमध्ये हद्द ओलांडली, की पुन्हा कुणीच नव्हत्या. तालुक्याचे शिक्षणाधिकारी, बीईओ विजयेंद्र साहेबांनी शेरा मारला: ‘सदर धर्म राज्याच्या हद्दीबाहेर वैध. हद्दीत सुट्टी नामंजूर.’

साहेब पाहणीला आले त्या दिवशी शाळेत मलिदा होता. पोहे, साखर, ओलं खोबरं. एलियाहू प्रेषिताच्या नावाने दरवर्षी होतो. मुसलमान मुलं तो दर्ग्यातला समजून खात, लिंगायत मुलं मठातला समजून. सत्तर वर्षं ही गफलत सुरळीत चालू होती.

“हा प्रसाद कोणत्या धर्माचा?” साहेबांनी विचारलं.

“खोबऱ्याचा हाय,” स्वयंपाकीण गंगम्मा म्हणाली.

वर्गीकरण होईपर्यंत चार किलो पोहे सील झाले.

सलोख्याचा मुख्य कार्यक्रम शनिवारी ठरला.

“साहेब, रविवारी घ्या,” रिबकाबाई म्हणाल्या. “शनिवारी मी येणार न्हाई.”

“रविवारी सुट्टी असते.”

“आमच्याकडं नसते.”

“आता असते. आणि बाई, हे सगळं तुमच्यासारख्यांसाठीच चाललंय. एक दिवस तुमचा धर्म बाजूला ठेवा आणि या. तुमच्या धर्माचा सन्मान करायचाय.”

रिबकाबाई आल्या नाहीत. ज्यू धर्माची जागा रिकामी दिसू नये म्हणून पीटीचे अमरनाथ सर कापसाची दाढी लावून उभे राहिले. आठ धर्मांनी एकमेकांचे हात धरले. नववा हात ऐन वेळी मध्ये आला, तो साहेबांचा.

सोमवारी दोन पाकिटं आली. शाळेला प्रशस्तिपत्रक, जिल्ह्यात पहिला क्रमांक. रिबकाबाईंना निलंबन, कारण, ‘सलोख्यास असहकार’. शाळा आता शनिवारी भरते. गुरुबसवने नव्या पाटीची ऑर्डर देताना विचारलं, “पाटीवर ज्यू शाळा ठिवायचं का?” साहेब म्हणाले, “ठेवायचंच. क्रमांक त्याचाच आहे.”

तो फोटो तुम्हालाही आला असेल. आठ धर्म, उजवीकडून दुसरी दाढी. ती जरा तिरकी होती. तुम्ही हात जोडल्याचं चिन्ह टाकलंत आणि पुढच्या तीन ग्रुपांवर पाठवलात.

सप्टेंबर १९४८मध्ये, निजामाचं राज्य गेलं त्या दंगलीत, या शाळेत एकशे बेचाळीस माणसं अकरा दिवस लपून होती. त्यांची यादी मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे. तिच्यात दोनच रकाने आहेत: नाव, आणि काय खात नाही.