हौद क्रमांक चारमधील नर

अपत्याचा प्रश्न उभा राहिला की चौकशी मादीपासून सुरू करावी, हा नियम सरकारी आणि घरगुती कामकाजात सारख्याच निष्ठेने पाळला जातो. त्याचे लेखी परिपत्रक कुठेही सापडत नाही, यावरूनच तो किती सर्वमान्य आहे हे ध्यानात यावे.

मत्स्यबीज केंद्रातले एक सहायक हा नियम अकरा वर्षे पाळत आले होते. माशांची पिल्ले तयार करून तळ्यांना पुरवणे हे केंद्राचे काम. गेल्या पाच हंगामांत मात्र शंभर अंड्यांमागे जेमतेम नऊ पिल्ले निघू लागली. केंद्र हातावर हात धरून बसले नाही. माद्यांचा खुराक बदलला, माद्यांना इंजेक्शने दिली, माद्यांच्या हौदाला निळा रंग लावला (निळ्याने मन शांत राहते, असे रंगाच्या डब्यावर छापले होते) आणि शेवटी तीनदा सगळ्या माद्याच बदलल्या. नरांना कोणी हात लावला नाही. ते हौद क्रमांक चारमध्ये रुबाबात फिरत होते, आणि रुबाबात फिरणाऱ्याला प्रश्न विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

एकदा हौद साफ करताना एक नर सहायकांच्या हाती लागला. त्यांनी सहज त्याचे पोट दाबले. दुधासारखा दाट स्राव यायला हवा होता. आले पाणचट दोन थेंब. दुसरा धरला, तेच. बारावा धरेपर्यंत सहायकांना घाम फुटला होता.

त्यांनी नरांचे रक्त प्रयोगशाळेत पाठवले. तिथल्या बाईंनी फोन केला.

"तुमच्या नरांचं थायरॉइड फार कमी आहे."

"थायरॉइड तर बायकांना होतं ना?"

"ते होत नसतं, असतं. सगळ्यांनाच असतं. शुक्राणूंना वाढवणाऱ्या पेशी असतात, त्यांची संख्या या संप्रेरकावर ठरते. ते कमी पडलं की पुढचं सगळं रखडतं. तुमच्या विहिरीच्या पाण्यात आयोडीन आहे का बघा."

नव्हते.

सहायकांनी अहवाल दिला आणि त्यावर समिती बसली. समितीचा पहिला आक्षेप मूलभूत होता : थायरॉइड ही मानेतली ग्रंथी, माशाला मान नाही, सबब आजार मान्य करता येत नाही. माशात ही ग्रंथी एकसंध नसून दाण्यांसारखी विखुरलेली असते, असा खुलासा सहायकांनी केला. त्यावर एका सदस्याने, मुख्यालय नसलेल्या ग्रंथीशी पत्रव्यवहार कुठे करायचा, असे विचारले. (प्रश्न इतिवृत्तात आहे. उत्तर नाही.) अखेर नरांच्या खाद्यात आयोडीन आणि मोजके संप्रेरक घालायला तीन महिन्यांपुरती परवानगी मिळाली.

त्या हंगामात शंभर अंड्यांमागे एकसष्ट पिल्ले निघाली. माद्या त्याच होत्या.

सहायकांनी ही बातमी त्याच संध्याकाळी बायकोला सांगितली. ती शाळेत गणित शिकवत असे. लग्नाला नऊ वर्षे झाली होती आणि घरात मूल नव्हते. तिच्या नावाची दवाखान्याची फाइल कपाटात मावत नव्हती : रक्ताच्या चौदा तपासण्या, दोन शस्त्रक्रिया, आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी 'दोष आढळला नाही'.

तिने वह्या तपासायचे थांबवून सगळे ऐकून घेतले.

"नरांचं रक्त काढायला किती वेळ लागला?"

"एका माशाला दोन मिनिटं."

"आणि ते सुचायला?"

"पाच वर्षं," सहायक म्हणाले.

"माशांचं नशीब," ती म्हणाली आणि पुढची वही उघडली.

सहायकांना जेवण गेले नाही. हौदापाशी बारा नर हाताळताना लाज वाटली नव्हती. तेरावा समोर आल्यावर वाटली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते तपासणी केंद्रात गेले. खिडकीवरच्या माणसाने फॉर्म पुढे ओढला.

"बाईंचं नाव?"

"माझंच रक्त घ्यायचंय."

"तुमचं कशाला?" त्याने इतक्या आपुलकीने विचारले की सहायक परतायलाच निघाले होते. पण तेवढ्यात मागच्या बाकावरची एक बाई, स्वतःची जाडजूड फाइल मांडीवर घेऊन, त्यांच्याकडे टक लावून पाहत आहे हे त्यांना दिसले. त्यांनी बाही वर केली.

रक्ताबरोबर वीर्याचीही तपासणी झाली आणि अहवाल आला. थायरॉइड कमी, शुक्राणू कमी. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची होती. सहायकांनी तो कागद बायकोच्या हातात दिला आणि म्हणाले, "चुकलं माझं." तिने कागद दोनदा वाचला. मग नऊ वर्षांत पहिल्यांदाच ती त्यांच्यासमोर मोकळेपणाने रडली. सहायक शेजारी बसून राहिले. काय बोलावे ते त्यांना सुचले नाही आणि ते बोललेही नाहीत, ही त्या दिवसातली त्यांची दुसरी चांगली गोष्ट.

सहायकांनी हे आईलाही सांगितले. "घरात मीठ कोण आणतं?" तिने विचारले. "सूनच ना? मग आयोडीन कुठून येणार?"

योगायोग असा, की समितीचा अंतिम निष्कर्षही त्याच आठवड्यात हाती आला : माद्यांच्या सततच्या अपेक्षांमुळे नरांच्या ग्रंथीवर ताण पडला असावा.

सहायक गोळी नियमित घेतात. पुढे मूल झाले का, हे विचारायला शेजारीपाजारी, नातेवाईक, सहकारी अधूनमधून येतात. चौकशी आपुलकीचीच असते. ती ते सहायकांच्या बायकोकडेच करतात. आपल्याही मनात तोच प्रश्न आला असेल, तर तो विचारताना आपण दोघांपैकी कोणाच्या तोंडाकडे पाहिलेत, तेवढे फक्त आठवून ठेवावे.