आत्याची घडी

"या खेपेला दगडाला पाझर फोडतो की नाही बघा!" रेघोट्याने ताज्या छापलेल्या कागदांचा गठ्ठा खोलीच्या मधोमध आपटला.

रेघोट्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. नोकरी सोडून तो चित्रकथा काढू लागला त्या दिवशी वहिनीने ते ठेवलं, आणि डिंकासारखं असं चिकटलं की आपल्या झीनवर तोही तीच सही करू लागला. झीन म्हणजे स्वतः रचायचं, स्वतः काढायचं, स्वतः छापायचं आणि बहुतेक वेळा स्वतःच वाचायचं असं चिमुकलं पुस्तक!

या वेळची गोष्ट बिनशब्दांची होती. मुखपृष्ठावर नुसती साखळी. मग म्हाताऱ्याकडे कुत्र्याचं पिल्लू येतं, बागडतं, वाढतं, थकतं, आणि एका संध्याकाळी त्याच्या मांडीवर डोळे मिटतं. पुढच्या पानावर पुन्हा नुसती साखळी. शेवटी पायरीवर एकटा म्हातारा.

"मुखपृष्ठावर गोष्टीचं नाव तरी घाल," वहिनी म्हणाली.

"नाव घातलं की चित्र मुकं होतं, वहिनी!"

"तू कधी मुका होशील रे, भाऊजी?"

रेघोट्याने ऐकलं न ऐकलंसं केलं. आज त्याची पत पणाला लागली होती! पुस्तकवाल्या काकांच्या दुकानात त्याच्या झीन सगळ्यांत खालच्या फळीवर, केरसुणीच्या मागे पडून असत. गल्ल्याशेजारचा तारेचा स्टँड मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरायचा. काकांनी ठणकावलं होतं, "मला रडवून दाखव, स्टँड तुझा. नाही रडलो, तर केरसुणीमागची जागाही रिकामी कर!"

"घडी सोपी आहे," रेघोट्याने वहिनीला आणि आत्याला दाखवलं. "कागदाची आठ घरं. मधोमध काप. उभा धरून दोन्हीकडून दाबला की चार पाकळ्यांचं फूल. पाकळ्या मिटवायच्या, साखळीचं पान वर. झालं पुस्तक!"

एवढं सांगून तो आंघोळीला गेला. दोघींनी अर्धे अर्धे कागद वाटून घेतले. आत्याचे हात पाखरासारखे चालू लागले, ओठांवर गुणगुणणं आलं,

"घडीवर घडी गं, कागदाचं झालं फूल,
मिटता पाकळ्या, आत निजलं कुणाचं मूल…"

आत्याला साखळी दिसली, आत्याने ती वर घेतली. पण साखळ्या होत्या दोन! कुठली वर घ्यायची हे विचारायला रेघोट्या जागेवर हवा ना? तो तर साबणाच्या फेसात उभा राहून बक्षीस समारंभातलं भाषण करत होता.

दुपारी पिशवी घेऊन रेघोट्या आणि आत्या काकांच्या दुकानात पोहोचले. काकांनी वरची झीन उचलली. पहिलं पान साखळी. दुसऱ्यावर एकटा म्हातारा. काकांच्या कपाळाला आठी पडली. रेघोट्या खूष! पानं उलटत गेली, आठी मात्र विरघळत गेली. शेवटच्या पानावर तर काका चक्क हसले!

"झोपलं बघ लबाड! मांडीवर कसं पसरलंय!"

"काका, तो मेलाय!"

"कोण?"

"कुत्रा!"

"हे शेवटचं पान ना? मग झोपलाय. बिचारा म्हातारा एकटा होता, त्याला सोबत मिळाली. छान गोष्ट आहे."

"अहो, मी काढलाय! मला ठाऊक नाही?"

तेवढ्यात शेजारची शिंपीणबाई दुसरी झीन चाळत हुंदका देऊन म्हणाली, "मेला की हो… साखळी रिकामी झाली…"

"बाई, हा बघा, झोपलाय!"

"मेलाय!"

दुकानात दोन तट पडले. कपाटाआडून गिऱ्हाइकं गोळा झाली. ज्याच्या हाती वहिनीची घडी तो रडत होता, ज्याच्या हाती आत्याची तो हसत होता. रेघोट्याने दोन झीन शेजारी धरल्या आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. "आत्या! ही मरणानंतरची साखळी गं! तू गोष्ट मरणापासून सुरू केलीस!"

"मग काय बिघडलं?" आत्या पदर सावरत म्हणाली. "संपली तर नाही ना तिथं?"

रेघोट्याने वहिनीच्या घडीची झीन काकांच्या हातात कोंबली. काकांनी वाचली. मग चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. टपकन एक थेंब गल्ल्यावर पडला.

"रडलात! काका, तुम्ही रडलात! स्टँड माझा!"

"तुझाच," काका नाक शिंकरत ओरडले. "शब्द म्हणजे शब्द. पण ही रडकी झीन गल्ल्याशेजारी ठेवू? रडणारं गिऱ्हाईक खिशात हात घालतं ते रुमालासाठी! स्टँडवर लागेल ती आत्याबाईंची घडी. बाकीच्या सगळ्या तशा करून दे, नाहीतर ने घरी!"

रेघोट्याने स्टँडकडे पाहिलं. मग केरसुणीकडे पाहिलं. मग मुकाट्याने दुकानाच्या फरशीवर मांडी घालून बसला आणि आपल्या अमर कलाकृतीच्या घड्या एकेक करून मोडू लागला.

आत्या स्टुलावर बसून प्रत्येक झीन तपासून घेत होती. तिने एक उघडली, शेवटचं पान पाहिलं आणि त्याच्या मांडीवर परत टाकली.

"नीट लक्ष दे रे! हा पुन्हा मेला."